लाकडी घाण्याच्या तेलाचा धंदा सुरू करायचाय? घाणा सगळ्यात शेवटी घ्या

सध्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला जा, एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत 'शुद्ध लाकडी घाणा तेल' अशा दोन-तीन पाट्या दिसतातच, पुण्या-मुंबईत तर प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ना कुणी तेल विकतंय, आणि आता मोठ्या कंपन्याही यात उतरल्यात, मॉलमध्ये त्यांच्या बाटल्यांची रांग लागलेली असते. एवढी गर्दी असूनही नवीन माणसाला इथे जागा आहे असं माझं ठाम मत आहे. फक्त बहुतेकांची सुरुवातच उलट्या बाजूने होते. जो तो पहिलं विचारतो "मशीन कुठलं घेऊ, कोइंबतूरचं का राजकोटचं, तीन एचपी का पाच एचपी", मग कर्ज, मग गाळा, मग उद्घाटन, पेढे, फेसबुकवर फोटो, आणि हे सगळं झाल्यावर प्रश्न पडतो की तेल घेणार कोण. तोवर बँकेचा हप्ता सुरू झालेला असतो.

माझं म्हणणं साधं आहे. आधी कुठलं तेल आणि कुणाला विकायचं ते ठरवा, मग कागदपत्रं करा, मग दुसऱ्याच्या घाण्यावरून तेल काढून आणून विका, आणि महिन्याची विक्री एका ठराविक आकड्याच्या वर गेली की मगच स्वतःच्या घाण्याचं बघा. तो आकडा कसा काढायचा ते खाली हिशोबासकट लिहिलंय.

आधी शंभर घरं फिरा

शंभर म्हणजे खरंच शंभर, आणि ओळखीची-बिनओळखीची दोन्ही. मार्केट रिसर्च वगैरे मोठं नाव द्यायची गरज नाही, वही-पेन घ्या आणि विचारा. घरात माणसं किती, महिन्याला तेल किती लागतं, कुठलं लागतं, कुठून आणता. पण खरी माहिती मिळते ती एका वेगळ्याच प्रश्नाने: "घाण्याचं तेल कधी घेऊन बघितलं होतं का, आणि घेतलं असेल तर का सोडलं?"

हा सोडलेल्यांचा गट फार महत्त्वाचा. ज्यांनी कधी घेतलंच नाही त्यांना पटवायला वेळ लागतो, पण ज्यांनी घेऊन सोडलं ते जास्तीचे पैसे द्यायला एकदा तयार झालेले लोक आहेत, त्यांना कुणीतरी नाराज केलं एवढंच. आणि कारणं ऐकली की लक्षात येतं की ती सगळी सुधारण्यासारखी आहेत. "भज्या तळताना कढईभर फेस आला." "पहिल्या वेळी छान होतं, दुसऱ्या वेळी वास वेगळाच." "दोन महिन्यात खवट झालं." "संपलं की फोन करायचा, मग तो म्हणणार परवा आणतो, तोवर आम्ही किराणावाल्याकडून पिशवी आणली." आता यात एखाद्या बाईने "महाग होतं म्हणून सोडलं" एवढंच म्हटलं तर पुढचा प्रश्न विचारा, कारण महाग आहे हे तिला घेतानाही माहीत होतं, नंतर काहीतरी बिनसलं म्हणून ते महाग वाटायला लागलं.

फेसाचं तर आधीच सांगून टाकायला पाहिजे. रिफाइंड तेलातून जे चिकट घटक काढून टाकलेले असतात ते घाण्याच्या तेलात राहतात, त्यामुळे तळताना फेस येऊ शकतो आणि धूरही लवकर सुटतो. मोठ्या आचेवर कढई तापवायची सवय असलेल्या घरात हे तेल गेलं की तक्रार येणारच. बाटलीबरोबर चार ओळींची चिठ्ठी द्या, आच मध्यम ठेवा, कढई निम्म्याच्या वर भरू नका, तळून उरलेलं तेल परत परत वापरू नका. तेवढ्यानेही बरीच गिऱ्हाईकं टिकतात.

शेंगदाण्यातच उडी मारायची का?

सगळे शेंगदाणा तेल विकतात, कारण खपतं तेच. तुम्हालाही ते ठेवावं लागेल, पण तुमची ओळख दुसऱ्या कशावर तरी उभी करता आली तर बघा. महाराष्ट्रात यासाठी मोकळी जागा बरीच आहे.

करडई घ्या. सोलापूर, लातूर, धाराशिव, परभणी या पट्ट्यातल्या जुन्या घरांमध्ये करडईचंच तेल खायचे. करडईचा पेरा खूप घटलाय त्यामुळे बी मिळवणं हेच अवघड काम आहे, पण जे अवघड असतं ते शेजारचा सहज कॉपी करू शकत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं पीबीएनएस-१२ म्हणजे परभणी कुसुम हे वाण शेतकऱ्यांना माहीत असतं, अशा आठ-दहा शेतकऱ्यांशी रब्बीच्या आधीच बोलून ठेवलं तर पुढच्या वर्षभराच्या मालाची सोय होते. पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये मराठवाड्यातून येऊन राहिलेली हजारो कुटुंबं आहेत, त्यांना करडईच्या तेलाचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही, फक्त "खरंच करडईचं आहे का" एवढी खात्री पाहिजे असते.

तसंच खुरासणी, म्हणजे कारळे. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडे डोंगरउतारावर पिकतं, तिकडच्या आदिवासी घरांत हे तेल रोजच्या जेवणात असतं आणि शहरात मात्र कारळ्याची चटणी सोडून लोकांना काही माहीत नसतं. जवसाचं तेल, तिळाचं तेल, खोबरेल हे थोडं थोडं जातं, त्यावर घर चालणार नाही पण रेग्युलर गिऱ्हाईकाच्या ऑर्डरमध्ये एक बाटली वाढते.

एक लक्षात घ्या, करडई आणि जवसाचं तेल शेंगदाण्यापेक्षा लवकर खवट होतं. करडईत लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं, हवा-उजेड लागला की ते बिघडायला वेळ लागत नाही. म्हणून हे तेल महिन्याच्या ऑर्डरीएवढंच काढा, साठा करू नका, आणि उन्हात काचेच्या शोकेसमध्ये सजवून तर अजिबात ठेवू नका.

माल ओळखता आला पाहिजे

या धंद्यातलं निम्मं कौशल्य खरेदीत आहे, आणि यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण लोक बाटलीच्या डिझाइनवर आठवडे घालवतात आणि दाणा मात्र फोनवर ऑर्डर करतात.

मार्केट यार्डात शेंगदाण्याची नावं वेगवेगळी असतात, स्पॅनिश, घुंगरू, जाडा, टीजे, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. महागडा दाणा म्हणजे जास्त तेल असं काही नाही, खायला चवदार दाणा आणि तेलाला चांगला दाणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक जातीचा एक-एक घाणा (म्हणजे घाण्यात एका वेळी पडणारा माल) काढून बघा आणि तेल किती, पेंड किती ते वजन करून वहीत लिहा. चांगल्या वाळलेल्या दाण्यातून लाकडी घाण्यावर साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल निघतं, म्हणजे एक किलो तेलाला अडीच किलो दाणा. चाळीसचं छत्तीस झालं तर तुमचा सगळा नफा तिथेच गेला.

भाव कधी पडतात तेही बघा. खरिपाची शेंग दसरा-दिवाळीच्या सुमारास येते आणि उन्हाळी भुईमूग मे-जूनमध्ये. आवक वाढली की घ्यायचा. पण नवीन शेंग ओली असते, ती पूर्ण वाळल्याशिवाय साठवू नका.

आणि इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ओलाव्यात ठेवलेल्या शेंगदाण्यावर एक बुरशी येते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, यकृतासाठी ते फार वाईट, कॅन्सरशी त्याचा संबंध आहे. रिफायनरीत तेल शुद्ध करताना हे विष जवळपास निघून जातं. आपल्या घाण्याच्या तेलात ती प्रक्रियाच नसते, म्हणजे दाण्यात जे असेल त्यातलं काही तेलात येणार आणि उरलेलं पेंडीत जाणार, तिथून जनावराच्या पोटात आणि मग दुधात. म्हणून काळवंडलेला, सुरकुतलेला, हिरवट बुरशीचा, वास येणारा दाणा एकही घाण्यात जाता कामा नये. पोतं उघडलं की हात कोपरापर्यंत आत घाला, मधला दाणा बाहेर काढा, वरचा दाखवायचा असतो. दाणा दोन बोटांत धरून चोळा, साल सुटून कोरडी उडाली पाहिजे. फोडून दोन्ही पाकळ्यांच्या मधे बघा, तिथे पिवळट-करडी भुकटी असेल तर पोतं परत. मग चावून बघा, किंचित जरी कडवट लागला तरी परत. व्यापारी म्हणेल "अहो तेलाला काय फरक पडतोय, फुटका-बारका चालतो", तर त्याला नम्रपणे सांगा की रिफाइंडवाल्याला चालत असेल, आम्हाला नाही चालत. निवडायला दोन बायका लावल्या तर दिवसाची मजुरी जाते ती जाऊ दे, लोक आपल्या लहान पोरांच्या ताटात हे तेल वाढतात.

दुसऱ्याच्या घाण्यावर सुरुवात

जवळपास असा घाणेवाला शोधा जो लोकांचा दाणा घेऊन तेल काढून देतो. बहुतेक ठिकाणी किलोमागे मजुरी घेतात, काही ठिकाणी पेंड ठेवून घेतात आणि मजुरी कमी लावतात. सुरुवातीला त्याच्याकडे आठवड्यातला एक दिवस बांधून घ्या, त्या दिवशी फक्त तुमचा दाणा, आणि तुम्ही स्वतः तिथे उभे.

उभं राहायचं ते राखण म्हणून तर आहेच, पण शिकायला मिळतं ते कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही. घाण्यात साधारण बारा-पंधरा किलो दाणा एका वेळी पडतो आणि पाऊण तास ते तासभर फिरतो. आधी भुगा होतो, मग तो गोळा व्हायला लागतो, मग कारागीर थोडं कोमट पाणी शिंपडतो, आणि त्या पाण्यावर सगळं आहे. पाणी कमी पडलं तर तेल सुटत नाही, जास्त झालं तर तेलात ओल राहते आणि ते लवकर बिघडतं. किती शिंपडायचं ते दाणा किती वाळलाय त्यावर, हवा कशी आहे त्यावर ठरतं, पावसाळ्यात वेगळं, एप्रिलमध्ये वेगळं. जुन्या माणसाला ते भुग्याकडे बघून कळतं. परंपरेने हे काम केलेली तेली समाजातली म्हातारी माणसं अजून गावोगावी आहेत, त्यांच्याजवळ जाऊन बसा, चहा घ्या, विचारा. चाकणचे संताजी महाराज जगनाडे, तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे, ते याच व्यवसायातले. इतकं जुनं ज्ञान यूट्यूबच्या दहा मिनिटांच्या व्हिडिओत मावत नाही.

तेल निघालं की लगेच बाटलीत भरू नका. स्टीलच्या टाकीत झाकून तीन-चार दिवस निवळू द्या, गाळ खाली बसतो, वरचं तेल हळूच काढून कापडातून गाळून घ्या. बाटल्या आणि बुचं खडखडीत कोरडी पाहिजेत.

पेंड ताबडतोब विका. घाण्याच्या पेंडीत तेलाचा अंश जास्त राहतो म्हणून दुधाची जनावरं असलेले शेतकरी ती आवडीने नेतात, पण त्याच कारणाने आणि ओलीमुळे ती लवकर खराबही होते. दोन-तीन गोठेवाले ठरवून ठेवा, ठरलेल्या दिवशी येऊन घेऊन जातील असे.

हिशोब, कागदावर

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा.

समजा दाणा १२५ रुपये किलो, घाण्यात घातला १२ किलो, झाले १५०० रुपये. मजुरी किलोला २० प्रमाणे २४०. तेल निघालं ५ किलो आणि पेंड साडेसहा किलो, पेंड ४० रुपयांनी गेली तर २६० परत आले. म्हणजे पाच किलो तेल पडलं १४८० रुपयांना.

आता इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. तेल हलकं असतं, एक लिटर शेंगदाणा तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. पाच किलोचे साडेपाच लिटरच्या आत-बाहेर होतात, गाळ-सांड धरून सव्वापाच लिटर हातात येतं. १४८० भागिले सव्वापाच म्हणजे लिटरला २८२. बाटली, बूच, लेबल, खोका धरा २०, घरपोच पोचवायचं १०, फुटतूट आणि सँपल ८. झाले ३२०. तुमचा स्वतःचा वेळ यात धरलेलाच नाही.

बाजारात तुमच्यासारखं तेल ३८० ला जात असेल तर लिटरमागे ६० रुपये सुटतात. दुकानात ठेवायला दिलं आणि दुकानदाराने १५ ते २० टक्के मागितले तर तेच ५७ ते ७६ रुपये झाले, म्हणजे तुम्ही दुकानदारासाठी फुकट राबताय. म्हणून सुरुवातीच्या काळात थेट घरी विक्री, दुसरा मार्गच नाही. दुकानात चार बाटल्या नावापुरत्या ठेवा हवं तर, पण गल्ला तिथून भरेल ही आशा ठेवू नका. आणि शेजारी ३८० ला विकतो म्हणून मी ३४० ला विकतो, हा विचार आला की वरचा हिशोब परत एकदा वाचा.

किलो आणि लिटरचा फरक गिऱ्हाईकालाही समजावून सांगा. घाणेवाले पूर्वापार किलोवर विकतात आणि मॉलमधली बाटली लिटरवर असते, त्यामुळे तुमचा किलोचा भाव विनाकारण जास्त दिसतो. बाटलीवर दोन्ही लिहा, मिली आणि ग्रॅम.

मग स्वतःचा घाणा कधी?

वरच्या उदाहरणात एका घाण्याला तुम्ही २४० रुपये मजुरी देताय. स्वतःचा घाणा टाकला तर महिन्याला काय जाईल? कारागीर १८ हजार, गाळाभाडं ८ हजार, कर्जाचा हप्ता ६ हजार, लाईटबिल अडीच हजार, दुरुस्ती २ हजार. साडेछत्तीस हजार. त्याला २४० ने भागा, १५२ घाणे आले. म्हणजे महिन्याला १५२ घाणे, साधारण ८०० लिटर तेल खपत असेल तेव्हा कुठे स्वतःचं मशीन आणि दुसऱ्याची मजुरी सारखी पडते. एका घरात महिन्याला तीन लिटर धरलं तर २६५ घरं. न चुकता दर महिन्याला घेणारी.

कारागीर न ठेवता घरचंच कुणी घाण्यावर उभं राहणार असेल तर खर्च साडेअठरा हजारांवर येतो आणि आकडा ४०० लिटरवर, म्हणजे १३५ घरं. हे जमण्यासारखं आहे. नवरा-बायको किंवा बाप-लेक मिळून करणाऱ्यांचं बस्तान बसतं त्याचं कारण हेच, आणि नोकरी सांभाळून माणसं लावून करायला गेलेल्यांचं अवघड होतं त्याचंही.

तर १३५ घरं झाल्यावर मशीन बघायला निघा. लाट (दाणा चिरडत फिरणारा लाकडी दांडा) आणि उखळ कुठल्या लाकडाची आहे, बाभूळ असेल तर नीट मुरलेली आहे का, लाट झिजल्यावर नवीन किती दिवसात आणि कितीला मिळते, हे लेखी घ्या. खालचा मजला पाहिजे, फरशी पक्की पाहिजे, थ्री फेज कनेक्शन लागणार असेल तर महावितरणकडे आधी अर्ज करा, त्यात वेळ जातो. आवाज होतो, वरती राहणारे लोक असतील तर गाळा घेण्याआधी त्यांच्याशी बोला. ज्याने तेच मशीन दोन वर्षं वापरलंय अशा माणसाकडे जाऊन बघा, कंपनीच्या शोरूममध्ये सगळंच छान फिरतं. मोहरी किंवा खोबरं काढायचं असेल तर त्याच घाण्यात शेंगदाण्यानंतर लगेच घालू नका, वास उतरतो, वेगळा दिवस ठेवून मधे नीट साफ करा. आणि रात्री घाणा पुसून कोरडा केल्याशिवाय घरी जाऊ नका, लाकडात राहिलेलं तेल खवट झालं की उद्याच्या ताज्या तेलालाही तोच वास लागतो.

घाणा सुधारायचे प्रयत्न आपल्याकडे पूर्वीपासून झालेत. १९३४ ला वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, तिथे मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी बैलाच्या घाण्यात सुधारणा करून वर्धा घाणी तयार केली होती. वर्ध्याला गेलात तर मगनवाडीचं संग्रहालय बघून या.

सबसिडीचं विचारतात सगळे. केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० ला सुरू झाली, त्यात छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगाला प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख असं बँक कर्जाशी जोडलेलं अनुदान आणि स्वतःचे किमान १० टक्के अशी रचना. कृषी विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन सध्या अर्ज घेतायत का ते विचारा, तिथले जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज भरायला मदत करतात. पण ३५ टक्के मिळतात म्हणून गरजेपेक्षा मोठं मशीन घेऊ नका, उरलेले ६५ टक्के तुम्हालाच द्यायचेत.

कागदपत्रं, पहिली बाटली विकण्याआधी

यात चालढकल नको. आपल्या देशात खाद्यतेल सुटं विकायला बंदी आहे, घरचा डबा आणा आणि भरून न्या हे नियमात बसत नाही, पॅक करूनच विकायचं. एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर होतं, छोट्या उलाढालीसाठी बेसिक रजिस्ट्रेशन पुरतं, मर्यादा आणि फी तिथेच बघून घ्या. दुसऱ्याच्या घाण्यावरून तेल काढून तुमच्या नावाने विकत असाल तरीही तुमचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, आणि त्या घाणेवाल्याकडेही लायसन्स आहे ना ते बघा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट असते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जीएसटी महाराष्ट्रात मालासाठी ४० लाखांच्या उलाढालीनंतर लागतो, पण दुसऱ्या राज्यात विकायचं असेल तर आधीच घ्यावा लागतो.

लेबलवर १४ आकडी एफएसएसएआय नंबर, हिरवा ठिपका, बॅच, काढल्याचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरायचं, एमआरपी, लिटरचा किंवा मिलीचा दर, पोषणमूल्यं, तुमचं नाव-पत्ता-फोन. शेंगदाण्याची ॲलर्जी काहींना जिवावर बेतण्यासारखी असते म्हणून 'यात शेंगदाणा आहे' हेही स्पष्ट पाहिजे. वजनकाटा वैधमापन विभागाकडून शिक्का मारून घ्यावा लागतो आणि पॅकर म्हणून नोंदणीही त्यांच्याकडेच.

आणि कृपा करून लेबलवर, पोस्टवर, व्हॉट्सॲप स्टेटसला कुठेही 'हृदयविकार बरा होतो', 'गुडघेदुखी जाते', 'शुगर कंट्रोल' असलं काही लिहू नका. ते कायद्यात बसत नाहीच, शिवाय कुणी गोळ्या बंद करून तुमच्या तेलावर विसंबलं तर त्याची जबाबदारी कोण घेणार? 'कोलेस्ट्रॉल फ्री' पण नको, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्ट्रॉल नसतं, मग तुमचं वेगळं काय?

खात्री पटवायचीच असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून तपासणी करा, ॲसिड व्हॅल्यू आणि पेरॉक्साइड (तेल किती खराब झालंय ते यावरून कळतं), फॅटी ॲसिडचं प्रमाण आणि अफ्लाटॉक्सिन, आणि तो रिपोर्ट गिऱ्हाईकांना सरळ पाठवा. लोक फ्रिजमध्ये ठेवून भेसळ ओळखायला बघतात, "गोठलं म्हणजे पामतेल आहे", पण शुद्ध शेंगदाणा तेलही फ्रिजमध्ये गढूळ आणि घट्ट होतं. असा फोन आला की चिडू नका, रिपोर्ट पाठवा आणि पुढच्या घाण्याच्या दिवशी बघायला बोलवा.

विक्री म्हणजे तारीख पाळणं

प्रत्येक घराची वही किंवा एक्सेल शीट ठेवा. साठे काकूंकडे तीन लिटर पाच तारखेला लागतं, तर तीन तारखेलाच मेसेज: "काकू, परवाच्या घाण्याचं ताजं आहे, तीन पाठवू का?" तेल संपायच्या आधी आपण पोचलो तर किराणावाल्याची पिशवी घरात येतच नाही. मघाशी सोडलेल्या गिऱ्हाईकांची कारणं सांगितली ना, त्यातलं "परवा आणतो" हे कारण यानेच संपतं.

हंगाम धरून चाला. कैरीचं लोणचं घालायच्या दिवसात आणि दिवाळीच्या फराळाला मागणी एकदम वाढते, त्यासाठी महिनाभर आधी आगाऊ ऑर्डर घ्या आणि थोडे पैसेही घ्या, म्हणजे दाण्याला खेळतं भांडवल मिळतं. उधारी ओळखीतच जास्त होते आणि ओळखीतच मागायची लाज वाटते, म्हणून पहिल्या दिवसापासून बाटली हातात देताना क्यूआर कोड पुढे करा, सगळ्यांना सारखाच नियम म्हटल्यावर कुणाला राग येत नाही. प्रदर्शनात, पुण्याच्या भीमथडीसारख्या जत्रेत स्टॉल लावायचा विचार असेल तर तिथे विक्रीपेक्षा फोन नंबर गोळा करायला जा, स्टॉलचं भाडं एका दिवसाच्या तेलातून निघेलच असं नाही, पण त्यातली वीस घरं कायमची लागली तर निघतं.

आणि कधी ना कधी तुमच्याच गल्लीत दुसरा घाणा उघडणार, उद्घाटनाची ऑफर म्हणून वीस रुपये कमी भाव लावणार. तेव्हा भाव पाडू नका. वहीत बघा, या महिन्यात ऑर्डर न आलेली घरं कोणती, आणि त्या प्रत्येक घरी स्वतः जा, तेल विकायला म्हणून जाऊ नका, गेल्या वेळचं कसं निघालं ते विचारायला जा. काही घरं भावासाठी गेलेली असतील, ती जाऊ द्या. बाकीच्यांकडे काहीतरी खरं कारण असेल, बूच गळत होतं, पोरगा बाटली दारात ठेवून गेला, वास वेगळा आला. ते कारण त्याच आठवड्यात दुरुस्त करून पुढची बाटली स्वतः नेऊन द्या.